तळ्यात मासे किती?

तळ्यातून 60 मासे पकडले, त्यांच्या परावर खूण केली आणि परत सोडून दिले. काही दिवसांनी पुन्हा जाळं टाकलं. 50 मासे आले, त्यांत 12 खुणेचे. तर तळ्यात एकूण मासे किती?

या उदाहरणात मुलं आकडेमोडीपाशी अडत नाहीत. सगळे मासे मोजलेच नाहीत, तर उत्तर येणार कुठून, असं ती विचारतात आणि हा प्रश्न अगदी रास्त आहे. खुणेच्या माशांचं जाळ्यात जे प्रमाण, तेच तळ्यातही असणार, असं आपण धरून चालतो. एकूण मासे क्ष मानले, तर 60/क्ष = 12/50. तिरकस गुणाकार केला की 12क्ष = 3000, म्हणजे क्ष = 250. त्रैराशिक येणाऱ्याला दोन ओळींचं काम.

खरी गोम आहे ती बरोबरच्या चिन्हात. ते लिहिता येतं, कारण आपला नमुना यादृच्छिक आहे, म्हणजेच प्रत्येक माशाला जाळ्यात सापडायची सारखी संधी आहे, असं आपण मानलेलं असतं. एकदा पकडलेले मासे बिचकून जाळ्यापासून लांब राहू लागले, तर खुणेचे कमी सापडतील आणि उत्तर फुगेल. बीजगणितात मात्र एकही चूक सापडणार नाही!

नमुना चोख असला, तरी योगायोग उरतोच. 12 ऐवजी 9 खुणेचे आले असते, तर उत्तर सुमारे 333. 15 आले असते, तर 200. तळ्यात खरोखर 250 मासे असताना एवढा फरक सहज पडतो. म्हणून ‘250’ला ‘सुमारे’ जोडायला मुलांना पहिल्या दिवसापासून शिकवावं, असं मला मनापासून वाटतं.

ही युक्ती निव्वळ पाठ्यपुस्तकी नाही. 1802 मध्ये लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने निवडक भागांतली लोकसंख्या आणि जन्म यांचं गुणोत्तर काढलं. ते आलं दरवर्षीच्या एका जन्मामागे सुमारे 28 माणसं. या आकड्याने देशभरातल्या जन्मांना गुणून त्याने साऱ्या फ्रान्सच्या लोकसंख्येचा अंदाज बांधला.

नमुना मोठा घेतला की भागलं, असंही नाही. 1936 मध्ये अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने मतचाचणी घेतली, तेव्हा त्यांच्याकडे वीस लाखांहून जास्त मतपत्रिका भरून आल्या. पण त्यांनी नावं घेतली होती मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून, शिवाय उत्तर पाठवलं ते ज्यांना वाटलं त्यांनीच. लँडन जिंकणार, असं त्यांनी छापलं. रूझवेल्टने 48 पैकी 46 राज्यं जिंकली.

हे हातांनी करून बघायचं असेल, तर बरणीतले 60 मणी काढून त्यांवर खूण करा, परत वरून ओता आणि न ढवळताच 50 उचला. त्यांत 40 खुणेचे निघाले, तर समीकरण सांगेल, बरणीत मणी 75. आता ते 50 परत टाका, बरणी तळापासून नीट ढवळा आणि पुन्हा 50 काढा.