डिझेल फोर बाय फोर: एक लीटर नक्की जातं कुठे?

एक लीटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. युनिट म्हणजे तेच, आपल्या लाइटबिलावरचं. या दहातली चाकापर्यंत पोचतात अडीच, इंजिनावर चांगला लोड असेल तर सव्वातीन, बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून गरम हवा होऊन निघून जातात आणि थोडी गिअरबॉक्स, डिफरेन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणारे गिअर) तापवण्यात जातात. हे सगळ्यात आधी सांगितलं कारण "अ‍ॅव्हरेज किती देते?" या प्रश्नाचं उत्तर या अडीच-तीन युनिटांचं पुढे काय होतं त्यावर ठरतं, आणि ते रोज वेगळं असतं. एकच फॉर्च्युनर किंवा स्कॉर्पिओ-एन हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये लीटरला साडेआठ किमी देईल, हायवेला ८० ने सोळा देईल, मागे मोठा कॅरव्हॅन (ओढून न्यायचं चाकांवरचं घर) लावला तर सहा-साडेसहावर येईल आणि तिन्ही आकडे सांगणारे लोक खरं तेच बोलत असतात, उगाच भांडतात एकमेकांशी.

हिशोबासाठी एक गाडी धरू. माणसं-सामानासकट २२०० किलो, डिझेल ऑटोमॅटिक, उंच, चौकोनी तोंडाची. खालचे आकडे मी भौतिकशास्त्राच्या साध्या सूत्रांवरून काढून गोल केलेत, तुमच्या गाडीत थोडे इकडेतिकडे होतील पण गोष्ट तीच राहील.

आधी शहर. शहरात वारा, म्हणजे गाडीला कापावी लागणारी हवा, जवळजवळ नसतोच हिशोबात, तिथे डिझेल खातात ते थांबे. २२०० किलोची गाडी शून्यापासून ५० पर्यंत न्यायची तर इंजिनाला साधारण २७ मिलीलीटर डिझेल फक्त तेवढ्यासाठी जाळावं लागतं, आणि पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबला की ती सगळी ऊर्जा ब्रेक डिस्कमध्ये उष्णता होऊन संपली, परत काही मिळत नाही. १५ किमीच्या ऑफिसच्या रस्त्यावर असे ३० थांबे धरा म्हणजे पाऊण लीटरच्या वर गेलं. शिवाय एसी लावून उभ्या गाडीचं इंजिन तासाला लीटरच्या आसपास पितं, वीस मिनिटं उभे असाल तर अजून एक पाव लीटर-तीनशे मिली. आणि खरंच पुढे जायला, म्हणजे टायर फिरवायला आणि जी काय थोडी हवा कापायची त्याला, साडेसहाशे मिली. बेरीज पावणेदोन लीटर, पंधरा किलोमीटरला. साडेआठचं अ‍ॅव्हरेज ते हेच, आणि नीट बघितलं तर त्यातलं निम्म्याहून जास्त डिझेल थांबण्यावर गेलंय, जाण्यावर नाही. म्हणून शहरात वजन महत्त्वाचं असतं आणि म्हणूनच हायब्रिड गाड्या शहरात एवढ्या पुढे जातात, कारण त्या ब्रेकची थोडीतरी ऊर्जा बॅटरीत परत घेतात.

शहरातलाच दुसरा खर्च बऱ्याच जणांना दिसत नाही तो डीपीएफचा, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टरचा. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-सिक्स नियम आले, त्यानंतरच्या डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो भरला की गाडी स्वतःहून जास्तीचं डिझेल सोडून तो ६०० अंशांच्या आसपास तापवते आणि काजळी जाळून टाकते. हायवेवर हे काम गुपचूप उरकतं. पण ज्याची गाडी रोज चार किमी जाऊन चार किमी परत येते त्याच्या गाडीत ते अर्धवट राहतं, मग पुन्हा सुरू होतं, पुन्हा अर्धवट, आणि प्रत्येक वेळी डिझेल जातं ते जातंच, वर काही गाड्यांमध्ये ते न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. उभी असताना आरपीएम जरा चढलेला, फॅन जोरात आणि मायलेज अचानक पडलेलं दिसलं तर बहुतेक हेच चालू असतं, इंजिन लगेच बंद करू नका. खरं तर एवढ्या छोट्या फेऱ्या असतील तर डिझेल फोर बाय फोर घेऊच नये असं माझं मत आहे, पण आपल्याकडे गाडी गरजेपेक्षा हौसेने घेतली जाते, ते असो.

आता हायवे. इथे थांबे संपतात आणि वारा सुरू होतो. टायरचा विरोध वेगाने फारसा बदलत नाही, आपल्या गाडीला १०० किमी जायला त्यासाठी साधारण ७ युनिट लागतात, ८० ने जा नाहीतर १२० ने. वाऱ्याचं तसं नाही, वेग दुप्पट तर विरोध चौपट. ८० ला वाऱ्याची ९ युनिट, १०० ला १४, आणि १२० ला २०. यात गिअरबॉक्स वगैरेचं नुकसान धरून आणि इंजिनाची कार्यक्षमता ३०-३३ टक्के पकडून ८० ला १०० किमीमागे ६ लीटरच्या जरा वर, १०० ला ८ लीटर, १२० ला साडेनऊ लीटर येतात. म्हणजे सोळा, साडेबारा आणि साडेदहाचं अ‍ॅव्हरेज.

समृद्धीवर हे फार छान दिसतं. ७०१ किमीचा रस्ता, कारला १२० ची परवानगी. पूर्ण रस्ता १०० ने गेलात तर ५६ लीटर आणि सात तास. १२० ने गेलात तर ६७ लीटर आणि पाच तास पन्नास मिनिटं. सव्वा तासापेक्षा थोडा कमी वेळ वाचवायला ११ लीटर डिझेल, हा सौदा ज्याने त्याने ठरवावा. सेडानवाल्याला हाच सौदा एवढा महाग पडत नाही, कारण तिचं तोंड लहान आणि आकार निमुळता. उंच चौकोनी गाडीत वेगाची किंमत जास्त. त्यावर छताला कॅरिअर, त्यावर तंबू, पुढे लाइटबार आणि दोन इंचांची लिफ्ट किट (गाडी उचलून घ्यायचे सुटे भाग) लावली की गाडी अजून उंच, अजून ओबडधोबड, आणि मग म्हणायचं कंपनीने फसवलं.

कंपनीचा आकडा खोटा नसतो, फक्त तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर असतो. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था आहे, अशा ठिकाणी होणाऱ्या टेस्टमध्ये गाडी रोलरवर ठेवून ठरलेल्या क्रमाने साधारण वीस मिनिटं पळवतात, कमाल वेग ९०, एसी बंद, आणि रस्त्याचा नि वाऱ्याचा विरोध रोलरमधूनच दिला जातो. समोरून वारा नाही, घाट नाही, १२० नाही. दोन गाड्यांची तुलना करायला चांगलं, तुमच्या खिशाचा अंदाज बांधायला नाही.

फोर बाय फोरचा स्वतःचा दोष किती? लोक समजतात त्यापेक्षा कमी. ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा), पुढचं डिफरेन्शियल, पुढचा प्रोपेलर शाफ्ट (तिथवर ताकद नेणारा दांडा), यांचं वजन आणि थोडं घर्षण मिळून काही टक्के. टू-हायमध्ये, म्हणजे फक्त दोन चाकांना ताकद जात असताना, काही गाड्यांत पुढचं अॅक्सल सुटं होतं, काहींत ते नुसतंच फिरत राहतं. जास्त फरक टायरने पडतो, जाड नक्षीचे मड टायर लावले की रोज डिझेल जातं, आणि हवा कमी असेल तर अजून. मोठे टायर लावल्यावर अजून एक गंमत होते. घेर ५ टक्के वाढला की गाडी १०५ किमी गेली तरी मीटर १०० च दाखवतो, मग टाकी टू टाकी हिशोब केला की मायलेज आहे त्यापेक्षा कमी दिसतं. त्यामुळे नवीन टायरनंतर अ‍ॅव्हरेज पडलं म्हणणाऱ्यांनी आधी जीपीएसवर अंतर तपासावं, पडलेलं असतंच पण वाटतं तेवढं नसतं. आणि सुक्या डांबरावर पार्ट-टाइम फोर-हाय (पुढची-मागची चाकं घट्ट जोडणारा मोड) लावून फिरणाऱ्यांना काय सांगणार, टायर घासतात, चाकांना ताकद नेणारे शाफ्ट-गिअर आवळले जातात आणि डिझेलही जातं.

घाटात वजन परत हिशोबात येतं. खोपोलीपासून लोणावळा साधारण साडेपाचशे मीटर वर आहे. २२०० किलो तेवढं उचलायला जवळपास बरोबर एक लीटर जास्तीचं डिझेल लागतं, रस्ता कुठलाही घ्या आणि गाडी कितीही हळू चालवा, तो लीटर चुकत नाही. उतरताना त्यातला साधारण अर्धा परत मिळतो, कारण उतारावर गाडी गिअरमध्ये असेल आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसेल तर इंजेक्टर डिझेल टाकणं पूर्ण बंद करतात, चाकंच इंजिन फिरवतात. उरलेला अर्धा ब्रेक आणि इंजिन ब्रेकिंगमध्ये जातो. न्यूट्रल टाकून उतरणारे डिझेल वाचवतोय असं समजतात, पण न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला उलट डिझेल लागतं, शिवाय ब्रेक तापून बोंब होते ती वेगळी.

आता ओढण्याचं. आपल्याकडे कारमागे ट्रेलर फारसा कोणी लावत नाही, ते काम ट्रॅक्टरचं. याचं खरं माहेरघर म्हणजे ऑस्ट्रेलिया. तिथे लँड क्रूझर ३०० सारख्या ३.३ लीटर व्ही-सिक्स डिझेल गाडीला स्वतःचे ब्रेक असलेला ३५०० किलोचा ट्रेलर ओढायची अधिकृत परवानगी आहे, रिटायर झालेली जोडपी कॅरव्हॅन घेऊन महिनोन्महिने देशभर फिरतात, आणि मेलबर्न-सिडनीतले आपले मराठी लोकही आता सुट्टीत हा उद्योग करतात. सगळ्यांचा पहिला समज असा की डिझेल जातं ते वजनाने.

आपलीच २२०० किलोची गाडी घ्या, मागे २५०० किलोचा उभा, रुंद कॅरव्हॅन लावा. वेग १००. टायरचा विरोध वजनाबरोबर वाढून ७ वरून १५ युनिट झाला. वारा १४ वरून ३६! म्हणजे जी वाढ झाली तिच्यातली बरीचशी वाऱ्याची. नुकसान धरून १०० किमीला सुमारे साडेपंधरा लीटर, साडेसहाचं अ‍ॅव्हरेज. आता तेवढ्याच २५०० किलोचं एखादं बुटकं मशीन सपाट ट्रेलरवर ठेवून न्या, वजन तेच, वेग तोच, आणि डिझेल ११ लीटरच्या आत. हायवेवर कॅरव्हॅन ओढणं म्हणजे मागे उघडी छत्री बांधून पळणं आहे, छत्री किती जड आहे त्याने फार फरक पडत नाही.

एक गोष्ट मात्र डिझेलच्या बाजूने. एकूण वजन दुपटीच्या वर गेलं, चाकावरचं काम जवळजवळ अडीचपट झालं, पण डिझेल ८ वरून साडेपंधराच झालं, दुप्पटही नाही. कारण हलक्या लोडवर इंजिनाची बरीच ताकद स्वतःचं घर्षण सांभाळण्यातच जाते, लोड वाढला की तो ठरावीक खर्च मोठ्या कामावर विभागला जातो आणि कार्यक्षमता ३० टक्क्यांवरून ३८-४० कडे सरकते. पेट्रोलवाल्यांचं इथे उलटं होऊ शकतं, जोराचा लोड आला की बऱ्याच पेट्रोल इंजिनांना थंड राहायला जास्तीचं पेट्रोल टाकावं लागतं. डिझेलला ती भानगड नाही, त्यात हवा भरपूर, कॉम्प्रेशन जास्त, आणि ताकद कमीजास्त करायला हवा अडवत नाहीत, फक्त डिझेल मोजून टाकतात. म्हणूनच ओढणारे लोक अजूनही डिझेल सोडत नाहीत.

गिअरबद्दल एक. ओढताना ऑटोमॅटिक नुसतं डी मध्ये ठेवलं आणि ते सारखं सहावा-पाचवा-सहावा करत बसलं तर टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक होत नाही, मधल्या तेलात घसरत राहतो, ती सगळी घसरण उष्णता होते. अशा वेळी मॅन्युअल मोडमध्ये पाचवा पकडून ठेवावा, आरपीएम थोडा वाढलेला दिसतो पण डिझेल बहुतेक कमीच लागतं आणि गिअरबॉक्सचं तेल थंड राहतं.

वेगाचा फायदाही इथे सगळ्यात मोठा. कॅरव्हॅनसकट १०० वरून ८० वर आलात तर साडेपंधराचे बारा लीटर होतात. हे किमी प्रति लीटरमध्ये बघितलं तर साडेसहाचे सव्वाआठ, जेमतेम दोनचाच फरक वाटतो. पण वाचतात दर १०० किमीला साडेतीन लीटर. नुसत्या गाडीत साडेबाराचे सोळा झाले, तिथे साडेतीनचा फरक दिसतो आणि वाचतात फक्त दोन लीटर. म्हणून जास्त पिणाऱ्या गाडीचा हिशोब नेहमी १०० किमीला किती लीटर असाच करावा, ऑस्ट्रेलियात तसाच करतात.

आणि समोरून वारा असला की सगळे हिशोब पुन्हा मांडायचे. दक्षिण ऑस्ट्रेलियातून पर्थकडे जाणारा नलारबोरचा रस्ता आहे, एअर हायवे, त्यात बालाडोनिया ते कायगुना सुमारे १८० किमी मध्ये पंप नाही, आणि त्यातले जवळपास १४६ किमी तर एक वळणही नाही. समोरून ताशी २० चा वारा असेल तर १०० ने जाणाऱ्या कॅरव्हॅनला १२० चा वारा लागतो, वाऱ्याची ३६ युनिट ५२ होतात, आणि डिझेल १०० किमीला २० लीटरच्या जवळ. ८० लीटरची टाकी नुसत्या गाडीला हजार किमी पुरते, कॅरव्हॅनसकट पाचशेच्या थोडी वर, आणि या वाऱ्यात चारशे. पुढच्या पंपावर भाव काय असेल ते माहीत नसतं, म्हणून तिथले जुने लोक निघायच्या आदल्या रात्री पावसाचा नाही, वाऱ्याचा अंदाज बघतात, आणि वारा पश्चिमेचा जोराचा दिसला तर ८० ने जातात नाहीतर सरळ एक दिवस मुक्काम वाढवतात.