टॅडपोलचं पोट आणि सेरोटोनिन

पावसाळ्यात डबक्यातला एखादा टॅडपोल, म्हणजे बेडकाचं शेपटीवालं पिल्लू, काचेच्या बरणीत घेऊन खालून बघा, पोटाच्या पातळ कातडीतून गुंडाळलेलं आतडं दिसतं, अगदी जिलबीच्या वेढ्यांसारखं. शेवाळ खाणाऱ्या जिवाला एवढं लांब आतडं लागतंच. मग बेडूक व्हायची वेळ आली की अंगात थायरॉईड हार्मोन वाढतं आणि हे सगळं मोडून नव्याने बांधलं जातं, आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकात तर आतडं साधारण आठवड्याभरात तीन चतुर्थांशाने आखडतं! तेवढे दिवस पिल्लाचं खाणं बंद. जठरही बदलतं, स्नायूंचा थर जाड होतो.

सेरोटोनिन हे पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन, नाव काढलं की सगळ्यांना मूडच आठवतो, पण शरीरातलं जवळजवळ ९०% सेरोटोनिन पचनमार्गात असतं. १९३०च्या दशकात इटलीच्या व्हित्तोरियो एर्स्पामेर यांना ते सशाच्या जठराच्या अस्तरातच सापडलं, त्यांनी नाव दिलं एन्टेरामाईन, १९४८ला अमेरिकेत रक्तातून वेगळं काढलेलं सेरोटोनिन म्हणजे तेच हे १९५२ला कळलं.

आता गंमत अशी की सेरोटोनिनने जठर आवळतं की सैल पडतं याला एकच उत्तर नाही. स्नायूवरच रिसेप्टर (निरोप पकडणारा रेणू) असेल तर ते थेट स्नायूशी बोलतं, नाहीतर जठराच्या भिंतीतल्या नसांना सांगतं, त्या नसेने अ‍ॅसिटिलकोलीन सोडलं तर स्नायू आवळतो आणि नायट्रिक ऑक्साईड सोडलं तर सैल पडतो. म्हणजे निरोप तोच, पण ऐकणारा कोण त्यावर सगळं. आणि वाढत्या पिल्लात हे ऐकणारेच बदलत जातात, कारण स्नायू जागच्या जागी तयार होतात आणि नसांच्या पेशी मात्र पाठीच्या बाजूकडून प्रवास करत मागाहून तिथे पोचतात. मला तर यासाठीच बेडूक फार मोलाचा वाटतो, सगळं पाण्यात उघड्यावर घडतं, आईच्या पोटात दडून नाही.

तपासायची पद्धत साधीच आहे. जठराची बारीक पट्टी दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधून रिंगर द्रावणात, म्हणजे शरीरातल्या क्षारांसारख्या खारट पाण्यात टांगायची (बेडकाचं रिंगर आपल्या सलाईनपेक्षा कमी खारट), खालून ऑक्सिजनचे बुडबुडे सोडायचे, पट्टी आपली आपणच हळूहळू आवळत सैल होत राहते आणि तिची ओढ स्क्रीनवर लाटांसारखी उमटते. त्यात थोडं सेरोटोनिन टाकून लाट उंच होते का बसते ते बघायचं. मग फुगू माशाचं विष टेट्रोडोटॉक्सिन घालून नसा गप्प करायच्या आणि पुन्हा सेरोटोनिन टाकायचं, तरीही लाट बदलली तर ते थेट स्नायूशी बोलतंय, नाही बदलली तर मधे नस होती. मग हेच सगळं दुसऱ्या वयाच्या पिल्लाच्या पट्टीवर.