गरोदरपणातील त्वचाविकार आणि यकृताचा जुनाट संसर्ग

गरोदरपणात त्वचेवर होणारे बदल आणि हिपॅटायटिस बी किंवा सी विषाणूंचा संसर्ग सहा महिन्यांहून अधिक काळ टिकल्यावर त्वचेवर दिसणाऱ्या खुणा यांत काही लक्षणे सामाईक आहेत. त्यामुळे एकीच्या बाबतीत जे निव्वळ दिवस गेल्याचे लक्षण असते, तेच दुसरीच्या बाबतीत यकृताच्या आजाराचे असू शकते.

सामाईक खुणांतली पहिली म्हणजे लाल तळहात. अंगठ्याखालचा आणि करंगळीखालचा उंचवटा लालसर होतो, मधला भाग मात्र नेहमीसारखाच राहतो. दुसरी खूण म्हणजे चेहरा, मान, छाती व दंडावर कोळ्याच्या पायांसारखी पसरलेली बारीक लाल जाळी. मधला ठिपका पेनच्या टोकाने दाबला की सगळी जाळी नाहीशी होते आणि टोक उचलताच मधून बाहेरच्या दिशेने पुन्हा भरत जाते. दोन्ही खुणांमागे मुख्यतः इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक असते: गरोदरपणी ते शरीरात वाढते, तर यकृत खराब झाल्यावर त्याचा निचरा नीट होत नाही. बाळंतपणानंतर बहुतेकींच्या खुणा विरतात. विरल्या नाहीत तर यकृत तपासावे. सावळ्या कातडीवर हा लालपणा आधीच जेमतेम दिसतो. त्यात नाशिककडे सातव्या महिन्यातल्या डोहाळजेवणाला तळहात मेंदीने भरलेले असतात. तपासणाऱ्याला दिसणार काय?

सातवा महिना आणखी एका कारणाने लक्षात ठेवावा. गरोदरपणातला पित्तस्राव-अवरोध (कोलेस्टॅसिस) बहुधा अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर सुरू होतो. खाज प्रामुख्याने तळहात-तळपायांना सुटते, रात्री वाढते आणि अंगावर पुरळ मात्र नसते. असतात ते फक्त खाजवल्याचे ओरखडे. ‘बाळाला जावळ दाट आहे म्हणून खाज सुटते’ असे घरात म्हटले जाते. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत विरळणीला जाणारी बाई फवारणीच्या औषधाला दोष देते, आणि तो अंदाज कधीकधी बरोबरही असतो. पण पुरळाशिवायची रात्रीची खाज रक्त तपासल्याखेरीज सोडून देऊ नये. रक्तातील पित्ताम्ले लिटरला 100 मायक्रोमोल किंवा त्याहून जास्त झाली, तर पोटातच बाळ दगावण्याचा धोका वाढतो. हिपॅटायटिस सी असलेल्या स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो. उर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या दिल्या जातात, पित्ताम्लांच्या पातळीनुसार प्रसूतीची वेळ ठरवली जाते. बाळंतपणानंतर खाज थांबते, पुढच्या खेपेला पुष्कळदा परत येते.

गरोदरपणाच्या इतर त्वचाविकारांचा यकृताशी संबंध नाही. गालावरचे वांग आणि पोटावरची काळी रेघ निरुपद्रवी. वांग उन्हाने गडद होते. शेवटच्या महिन्यांत पोटावरच्या ताणरेषांवर उठणारे खाजरे पुरळ बेंबी सोडून असते. याउलट बेंबीभोवतीच सुरू होऊन पुढे फोड येणारा पेम्फिगॉइड हा विकार दुर्मिळ, पण गंभीर आहे.

जुनाट संसर्गाच्या स्वतःच्या खुणा वेगळ्या. हिपॅटायटिस सीशी लायकेन प्लॅनसचा संबंध आढळतो: मनगटाच्या आतल्या बाजूला जांभळट, चपटे, खाजरे उंचवटे आणि तोंडात गालाच्या आतून पांढरी नक्षी. मनगटावरची खाज हिरव्या चुड्यामुळे आहे असे वाटणे साहजिकच. याच संसर्गात पायांवर हाताला लागतील असे जांभळे ठिपके किंवा उन्हाने हाताच्या पाठीवर फोडही येऊ शकतात. हिपॅटायटिस बीमध्ये क्वचित पित्त उठल्यासारख्या गांधी येतात किंवा रक्तवाहिन्यांना सूज येते. मात्र बहुतेक बाधितांच्या त्वचेवर काहीच दिसत नाही, कावीळही होत नाही. त्यामुळे काविळीची माळ घालण्याची वेळही कधी येत नाही.

म्हणून निदान रक्तावरच होते. गरोदरपणाच्या तपासण्यांत हिपॅटायटिस बीची चाचणी असते. जुन्या डॉक्टरांच्या तोंडी तिचे नाव अजून ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ असेच आहे. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर स्त्रियांची तपासणी होते. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम 2018 पासून सुरू असून त्यात उपचार मोफत आहेत. आईला हिपॅटायटिस बी असेल तर बाळाला जन्मापासून 24 तासांच्या आत लस आणि शक्य तेथे इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) द्यावे लागते. विषाणूंचे प्रमाण फार असेल तर आईला गरोदरपणातच टेनोफोव्हिर हे विषाणूरोधक औषध सुरू करतात. अंगावर पाजण्यास मनाई नाही. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरी पाड्यांवर घरी बाळंतपण झाले की हे 24 तास हातातून निसटतात.

हिपॅटायटिस सीवर लस नाही. त्याची औषधे सहसा बाळंतपणानंतर, बहुधा 12 आठवडे देतात. बाळाची अँटिबॉडी (प्रतिपिंड) चाचणी 18 महिन्यांनंतर करतात, कारण तोवर त्याच्या रक्तात आईच्याच अँटिबॉडी सापडू शकतात.