पिशवीतला पडदा आणि दुभंगलेली पिशवी

वारंवार गर्भपात झालेल्या बाईची फाइल उघडली की त्यात हमखास एक जुना एचएसजी, म्हणजे गर्भपिशवीत औषध भरून काढलेला एक्स-रे, निघतो आणि त्याखाली एक ओळ असते: बायकॉर्नुएट युटेरस, म्हणजे दुभंगलेली गर्भपिशवी. पुढे सोनोग्राफी होते. करणाऱ्याला आधीचा कागद दाखवलेला असतो, म्हणून तिथेही तेच नाव उतरतं. दोन रिपोर्ट जुळले म्हटल्यावर घरचेही निदान पक्कं धरून बसतात. मग कुठेतरी पोटातून आणि योनीमार्गे दुर्बीण घातली जाते आणि दिसतं की पिशवी बाहेरून अगदी एकसंध आहे, आत मात्र मधोमध पडदा आहे. म्हणजे ती बायकॉर्नुएट नव्हतीच, सेप्टेट, म्हणजे पडद्याची, होती. हा घोळ इतका नेहमीचा आहे की नुसत्या एचएसजीवर ‘बायकॉर्नुएट’ लिहिलेलं दिसलं तर ते निदान नव्हे, शंका आहे असंच समजावं.

घडण थोडक्यात. मुलीचा गर्भ आईच्या पोटात असताना दोन म्युलेरियन नळ्या खाली सरकत मधोमध येतात आणि एकमेकींना जुळतात. वरची मोकळी टोकं गर्भनलिका होतात; जुळलेल्या भागातून गर्भाशय, गर्भाशयमुख आणि योनीचा वरचा भाग तयार होतो. जुळल्यावर मधे उरलेली भिंत साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत विरून जाते. जुळणं अपुरं राहिलं तर बायकॉर्नुएट, जुळून भिंत विरायची राहिली तर सेप्टेट. जुळणं जवळजवळ झालंच नाही तर डायडेल्फिस, आणि एकच नळी नीट वाढली तर युनिकॉर्नुएट. बीजांडकोश वेगळ्याच पेशींतून येतात, म्हणून पाळी, हार्मोन्स आणि स्त्रीबीजं यांत सहसा काही उणं नसतं. आणि सासूबाई काहीही म्हणोत, आईने ग्रहणात विळी हातात धरली म्हणून यातलं काही होत नाही.

आता खरा फरक. पडदा किती लांब, कप्पे किती, गर्भाशयमुख एक की दोन, यांपैकी कशानेही सेप्टेट आणि बायकॉर्नुएट वेगळे ठरत नाहीत. फरक ठरतो तो फंडसच्या, म्हणजे पिशवीच्या माथ्याच्या, बाहेरच्या रेषेवरून. मोठ्या खोलीत मधे भिंत घातली तरी छप्पर सपाटच राहतं, ती सेप्टेट. छप्परच मधोमध खचून दोन उतार झाले असतील तर ती बायकॉर्नुएट. आत उभं राहून पाहणाऱ्याला दोन्हीकडे दोन कप्पेच दिसणार. बाहेरून छप्पर पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

एचएसजी नेमका इथेच तोकडा पडतो. त्यात औषध पिशवीच्या पोकळीत भरतं आणि एक्स-रेवर फक्त त्या औषधाचा आकार उमटतो. स्नायूची भिंत दिसत नाही, बाहेरची रेषा तर नाहीच. मग दोन शिंगांमधला, म्हणजे दोन कप्प्यांच्या वरच्या टोकांमधला, कोन मोजून अंदाज बांधतात: ७५ अंशांपेक्षा कमी तर बहुधा सेप्टेट, १०५ च्या वर तर बहुधा बायकॉर्नुएट. मधल्या पट्ट्यात कितीतरी बायका येतात, आणि टोकांनाही हा नियम चुकतो. पडदा वर रुंद असेल तर सेप्टेटचाही कोन मोठा येतो. शिवाय पिशवी पुढे किंवा मागे कललेली असताना फिल्म काढली तर कोन आणखी बदलतो. नलिका उघड्या आहेत का हे पाहायला एचएसजी चांगला आहे. त्याच्याकडून याहून जास्त मागू नये.

साध्या टूडी सोनोग्राफीची गंमत वेगळी. आडव्या छेदात माथ्याजवळ अस्तराचे दोन ठिपके शेजारी शेजारी दिसतात आणि हात आपोआप ‘बायकॉर्नुएट’ लिहितो. पण योनीमार्गे घातलेल्या प्रोबला उभा आणि आडवा असे दोन छेद सहज मिळतात. पिशवी समोरून दाखवणारा, पोकळी आणि माथा एकाच चित्रात आणणारा कोरोनल छेद क्वचितच मिळतो. आपल्याला हवा असतो तो नेमका हाच. थ्रीडी सोनोग्राफीत पूर्ण आकारमान साठवून मग हा छेद काढता येतो. ही तपासणी पाळीच्या उत्तरार्धात, म्हणजे बीज सुटल्यानंतर, करून घ्यावी. तेव्हा अस्तर जाड आणि पांढरं असतं, त्यामुळे पोकळीची कड स्वच्छ उठते. पाळी संपल्या संपल्या केलेल्या थ्रीडीत अस्तर इतकं पातळ असतं की पडद्याचं टोक कुठे संपतं यावरच वाद होतो. एचएसजीची वेळ याच्या उलट, पाळी थांबल्यावर आणि बीज सुटण्याआधी. दोन्ही एकाच दिवशी उरकून टाकायचा आग्रह धरू नये.

अविवाहित मुलीत किंवा योनीमार्गे तपासणी नको असेल तिथे एमआरआय उत्तम. पण तंत्रज्ञाला एक गोष्ट सांगावीच लागते: कोरोनल छेद गर्भाशयाच्या अक्षाला धरून घ्या, शरीराच्या नव्हे. शरीराच्या अक्षाने घेतलेला छेद कललेल्या पिशवीच्या माथ्यातून तिरपा जातो. मग सपाट माथ्याला खाच असल्यासारखं वाटतं किंवा असलेली खाच लपते. माथ्यावरचा फायब्रॉइडही, म्हणजे स्नायूची साधी गाठही, खोटी खाच दाखवू शकतो. आणखी एक जुनी समजूत रिपोर्टांतून डोकावते, की मधला भाग तंतुमय दिसला तर सेप्टेट आणि स्नायूचा दिसला तर बायकॉर्नुएट. सेप्टेटच्या पडद्यातही स्नायू असतो, रक्तवाहिन्याही असतात. त्यावरून निवाडा करणं सोडून द्यावं.

आकड्यांकडे वळू. दोन्ही गर्भनलिकांची आतली तोंडं जोडणारी एक रेषा कल्पावी. माथ्याच्या बाहेरच्या कडेचा मधला बिंदू या रेषेच्या ५ मिमीहून जास्त वर असेल तर कल सेप्टेटकडे. तो रेषेच्या ५ मिमीच्या आत किंवा रेषेखाली उतरला असेल तर बायकॉर्नुएट किंवा डायडेल्फिस. अमेरिकेतल्या प्रजनन-वैद्यकाच्या संस्थेच्या, म्हणजे एएसआरएमच्या, २०१६ च्या मार्गदर्शिकेत बाहेरची खाच १ सेमीहून खोल असेल तर बायकॉर्नुएट. आतला उतार, म्हणजे माथा मधोमध पोकळीत जितका खाली उतरतो तो, १.५ सेमीहून जास्त आणि त्या उताराच्या टोकाचा कोन ९० अंशांहून कमी असेल तर सेप्टेट. १ ते १.५ सेमीमधल्या बायकांना कुठेच जागा उरली नाही म्हणून त्याच संस्थेच्या २०२१ च्या वर्गीकरणात आतली मर्यादा १ सेमीवर आणली. युरोपच्या २०१३ च्या वर्गीकरणात ठराविक सेंटीमीटर नाहीत. तिथे भिंतीच्या जाडीच्या निम्म्याहून जास्त आतला उतार म्हणजे सेप्टेट, आणि बाहेरची खाच निम्म्याहून जास्त असेल तर ‘बायकॉर्पोरियल’, म्हणजे बायकॉर्नुएट आणि डायडेल्फिस एकाच डब्यात.

याचा परिणाम रुग्णाला कसा भोगावा लागतो ते पाहा. भिंत १० मिमी जाड, आतला उतार ६ मिमी, माथा बाहेरून सपाट. युरोपच्या नियमाने ही सेप्टेट, अमेरिकेच्या नियमाने सर्वसाधारण पिशवी. पिशवी तीच, बाई तीच, एकीकडे ऑपरेशनची तारीख मिळते आणि दुसरीकडे ‘काही नाही, घरी जा’. म्हणून ‘सेप्टेट’ एवढ्या एका शब्दावर थांबणारा रिपोर्ट अर्धवट समजावा. आतल्या उताराची लांबी, कोन, बाहेरच्या खाचेची खोली आणि माथ्याच्या भिंतीची जाडी, हे चार आकडे मिमीमध्ये लिहून मागावेत. ते मिळाले की कुठलंही वर्गीकरण लावून पाहता येतं.

आर्क्युएटबद्दल एकच वाक्य: माथा आतून किंचित बाक असलेला, १ सेमीच्या आत, रुंद कोनाचा असेल तर तो सर्वसाधारण पिशवीचाच एक आकार आहे, गर्भपाताचं खापर त्याच्यावर फोडू नये.

नाव चुकलं तर एवढं बिघडतं काय? उपचार चुकतो. सेप्टेटचा पडदा हिस्टेरोस्कोपने, म्हणजे योनीमार्गे दुर्बीण घालून, पोटावर टाका न घालता कापता येतो. बारीक कात्री किंवा विजेवर कापणारं बायपोलर वापरून पडदा खालच्या टोकापासून वर, पुढच्या आणि मागच्या भिंतीच्या बरोबर मधून, कापत जातात. दोन्ही नलिकांची तोंडं एका रेषेत, एकाच नजरेत दिसू लागली किंवा स्नायूतून ताजं रक्त यायला लागलं की थांबायचं. माथ्याची साधारण १ सेमी जाडी शाबूत राहिली पाहिजे. पोकळी फुगवायला सोडलेलं पाणी किती गेलं आणि किती परत आलं याचा हिशेब सतत ठेवावा लागतो: सलाईन वापरलं असेल तर २५०० मिलीची तूट ही कमाल मर्यादा, ग्लायसिनसारखं क्षार नसलेलं द्रव असेल तर १००० मिली.

आता हीच कात्री बायकॉर्नुएटमध्ये चालवली तर? तिथे दोन कप्प्यांच्या मधे जो भाग वर दिसतो त्याच्यावर माथाच नाही, खाच आहे आणि खाचेपलीकडे पोट. दोन मिमी जास्त कापलं की कात्री पोटात, पुढे मूत्राशय आणि आतडी. आतून दुर्बिणीला सेप्टेट आणि बायकॉर्नुएट सारखेच दिसतात, त्यामुळे आत गेल्यावर पाहू हे चालत नाही. बाहेरची रेषा आधी थ्रीडीवर किंवा एमआरआयवर नक्की झालेली नसेल तर त्याच वेळी पोटातून लॅप्रोस्कोपने माथा बघून घ्यावा, नाहीतर पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून कापावं. दोन्ही दोष एकत्र असलेल्या पिशव्याही असतात, बाहेर खाच आणि आत त्याहून खोल पडदा. तिथे फक्त पडद्याचा भाग काढता येतो, आणि तोही अशाच पहाऱ्याखाली.

बायकॉर्नुएटसाठी पोट उघडून दोन शिंगं शिवून एक करण्याचं ऑपरेशन आहे, स्ट्रॅसमनच्या नावाने ओळखलं जाणारं. आज ते क्वचित केलं जातं. त्यानंतर पिशवीवर लांब व्रण राहतो आणि पुढचं बाळंतपण सिझेरियननेच करावं लागतं. बायकॉर्नुएटमध्ये गर्भ राहायला सहसा अडचण नसते. धोका असतो तो मुदतीआधी बाळंत होण्याचा आणि बाळ पायाळू राहण्याचा. म्हणून गरोदरपणात गर्भाशयमुखाची लांबी पाहत राहणं हाच बहुतेकींचा उपचार. सेप्टेटमध्ये पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपाताचं प्रमाण जास्त दिसतं. ज्यांना वंध्यत्वाची तक्रारही आहे आणि गर्भपातही झाले आहेत अशा बायकांत पिशवीचा कुठला ना कुठला जन्मजात दोष सुमारे २४.५ टक्के सापडतो आणि सर्वसामान्य बायकांत सुमारे ५.५ टक्के, असं २०११ च्या एका मोठ्या संकलनात निघालं.

मग पडदा दिसला की कापायचाच का? इथे अनेकांचा हात फार सैल आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रस्ट चाचणीत ८० बायकांपैकी निम्म्यांचा पडदा कापला, निम्म्यांचा ठेवला. जिवंत बाळ होण्याचं प्रमाण कापलेल्यांत ३१ टक्के, न कापलेल्यांत ३५. चाचणी लहान होती आणि बायका जमवायला आठ वर्षं लागली, त्यामुळे ‘पडदा कापूच नये’ असं तिच्यावरून म्हणता येत नाही. पण कुठलाही त्रास नसलेल्या, दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केलेल्या मुलीला लग्नाआधी ‘साफ’ करून टाकू म्हणणाऱ्याला हे आकडे जरूर दाखवावेत. दोन-तीन गर्भपात झाले आहेत, इतर कारणं तपासून झाली आहेत आणि पडदा आकड्यांत बसतो आहे, तिथे कापण्याचा विचार रास्त.

दोन गर्भाशयमुखं दिसली म्हणून डायडेल्फिस ठरत नाही. पडदा मुखापर्यंत, कधी योनीतही, उतरलेली सेप्टेट असते. मूत्रपिंडाची सोनोग्राफी मात्र करून घ्यावी, कारण पिशवी आणि मूत्रपिंडं गर्भात शेजारी शेजारी घडतात. एक किडनी नसणं युनिकॉर्नुएट आणि डायडेल्फिसमध्ये जास्त आढळतं, सेप्टेटमध्ये कमी.

आणि दोन कामं अशी की ज्यांत सेप्टेट असो वा बायकॉर्नुएट, फरक पडत नाही पण चूक हमखास होते. कॉपर-टी एका कप्प्यात बसते, दुसरा मोकळा राहतो. अशा पिशवीत ती बसवू नये, दुसरं साधन निवडावं. आणि अर्धवट गर्भपातानंतर क्युरेटिंग करायची वेळ आली तर करणाऱ्याला दोन कप्पे आहेत हे टेबलावर जाण्याआधी सांगावं आणि सोनोग्राफी लावून करायला सांगावं. नाहीतर रिकामा कप्पा खरवडला जातो, गर्भ शेजारी तसाच राहतो आणि रक्तस्राव थांबत नाही म्हणून आठवड्याने पुन्हा यावं लागतं.