खाऊगल्ली (मुंबई)

तयार खाद्यपदार्थांच्या गाड्या, टपऱ्या आणि लहान दुकाने एकाच गल्लीत दाटीने लागतात, त्या जागेला मुंबईत खाऊगल्ली म्हणतात. महापालिकेच्या पाट्यांवर हे नाव सहसा नसते. ते लोकांनी दिलेले असते आणि शहरातील गुजराती, हिंदी, दक्षिणी भाषकही तेच वापरतात. मराठी घरात ‘खाऊ’ म्हणजे बाहेरून येताना मुलांसाठी आणलेली पुडी. गल्लीच्या नावात हा शब्द आला असला, तरी तिथे उभे राहून खाणाऱ्या बहुतेकांसाठी तो खाऊ नसतो. ती त्यांची न्याहारी असते किंवा दुपारचे जेवण, आणि कित्येकदा रात्रीचेही. मुंबईचे रस्त्यावरचे खाणे समजून घ्यायचे, तर आधी ही गोष्ट ध्यानात घ्यावी लागते.

म्हणूनच खाऊगल्ली कुठे वसली आहे हे पाहिले की तिथे कोण काम करते ते कळते. झवेरी बाजारातील गल्ली सराफी पेढ्यांच्या, कारागिरांच्या आणि कापडबाजारातील माणसांच्या भुकेवर उभी आहे. चर्चगेटजवळची गल्ली महाविद्यालयीन मुलींमुळे, क्रॉस मैदानाजवळची कचेऱ्या आणि न्यायालयांमुळे चालते. फोर्टमध्ये शेअर बाजाराच्या परिसरात सँडविचवाले अधिक, कारण तिथल्या माणसाला एका हाताने खाता येईल असे काहीतरी हवे असते. उकडलेला बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो आणि हिरवी चटणी घातलेले, चिमट्याच्या साच्यात शेगडीवर भाजलेले हे टोस्ट सँडविच पूर्णपणे मुंबईचे आहे. घाटकोपर आणि माहीमच्या गल्ल्या मात्र कामाच्या नाहीत, वस्तीच्या आहेत. त्या संध्याकाळी भरतात आणि तिथे कुटुंबेच्या कुटुंबे येतात.

गिरणगाव, खानावळ आणि वडापाव

या खाण्याची मुळे गिरणगावात आहेत. परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत कापड गिरण्या होत्या. कोकण आणि घाटावरून आलेले कामगार बायकामुले गावी ठेवून एकेका खोलीत पाळीपाळीने झोपत. त्यांच्याकडे चूल नव्हती. त्यांचे पोट खानावळवाल्या बायकांनी सांभाळले. या बायका घरीच दोन वेळचा स्वयंपाक करून महिन्याच्या हिशेबाने कामगारांना जेवू घालत आणि वाण्याकडची उधारी स्वतःच्या अंगावर घेत. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी बँकेचे कर्ज मिळवून देण्याचे काम सुरू केले. मुंबईच्या खाद्यसंस्कृतीचे गोडवे गाताना उपाहारगृहांची नावे घेतली जातात, या बायकांची घेतली जात नाहीत. शहर ज्यांच्या हातचे खाऊन उभे राहिले त्यांत पहिला मान मात्र त्यांचाच आहे.

वडापाव याच जगातला. 1966 च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटावडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असे मानले जाते. वडा आधीपासून होता, पावही होता. दोन्ही एकत्र आल्याने ताट-वाटी लागेना आणि गाडी पकडता पकडता खाता येईल असे पोटभर खाणे तयार झाले. त्याच्या घटकांकडे पाहिले तर आश्चर्य वाटते. बटाटा आणि मिरची ही दोन्ही पिके अमेरिका खंडातली, पोर्तुगिजांच्या जहाजांतून या किनाऱ्यावर आलेली. ‘बटाटा’ आणि ‘पाव’ हे शब्दही पोर्तुगीजच. पाव भाजण्याचे कसब गोव्याच्या पदेरांनी, म्हणजे पाव भाजणाऱ्यांनी, मुंबईत आणले आणि पुढे इराणी बेकऱ्यांनी ते वाढवले. बेसन, लसूण आणि हळद तेवढी इथली. आज ज्याला अस्सल मराठी म्हणून मिरवतो तो पदार्थ असा समुद्रमार्गे घडलेला आहे, आणि त्याने तो कमी मराठी ठरत नाही.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप कधी रीतसर मिटलाच नाही आणि अनेक गिरण्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत. घरी बसलेल्या कामगारांपैकी कित्येकांनी कढई, स्टोव्ह आणि एक फळी एवढ्या भांडवलावर वडापावची गाडी लावली. म्हणजे जे आधी कामगारांचे खाणे होते, ते संपानंतर त्यांचेच उपजीविकेचे साधन झाले. शिवसेनेने मराठी तरुणांना या धंद्यात येण्याचे आवाहन केले आणि वडापावला राजकीय ओळखही चिकटली. 1995 मध्ये सत्तेवर आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे काढली. ती योजना टिकली नाही, तरी गरिबाला रस्त्यावर स्वस्त आणि ताजे जेवण मिळाले पाहिजे ही त्यामागची गरज खरी होती.

वड्यात फरक असतो आणि तो जाणकार लगेच ओळखतात. दादरच्या छबिलदास गल्लीतला वडा, कीर्ती महाविद्यालयाजवळचा चुऱ्यासह मिळणारा वडापाव, ठाण्या-कल्याणकडचे वेगवेगळे प्रकार यांवर घराघरांत वाद होतात. चुरा म्हणजे तळताना कढईत सुटलेले बेसनाचे कुरकुरीत कण. चांगल्या वड्याचे आवरण पातळ असते, भाजीत लसूण-मिरचीचा ठेचा जाणवतो, आणि सुकी लाल चटणी भाजीची चव मारत नाही. वडा कढईतून निघताना मिळाला तरच घ्यावा. परातीत रचून ठेवलेला गार वडा कितीही नामांकित गाडीवरचा असला तरी मऊ पडलेला असतो.

मंडया आणि धक्के

खाऊगल्लीच्या पाठीशी मंडई असते. आर्थर क्रॉफर्ड या पहिल्या महापालिका आयुक्ताच्या नावाची मंडई 1869 मध्ये उभी राहिली. विल्यम इमर्सन याने तिचा आराखडा केला, आणि दर्शनी कमानींवरील शेतकऱ्यांची उठावशिल्पे लॉकवुड किपलिंग याने घडवली. आज तिचे नाव महात्मा जोतिबा फुले मंडई असे आहे. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्याचे नाव शेतमालाच्या बाजाराला मिळावे हे उचितच झाले. शहर वाढले तसा घाऊक व्यापार विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत टप्प्याटप्प्याने नवी मुंबईच्या वाशी-तुर्भे येथील बाजार समितीत हलवण्यात आला. तरीही पहाटे दादरला आणि भायखळ्याला गेल्यास भाजीच्या गोण्या उतरताना, हातगाडीवाले आणि खानावळवाले भाव करताना दिसतात. दिवस वर आला की हा बाजार विरळ होतो. मंडई पाहायची तर सहाच्या आधी पाहावी.

मासळीचे वेळापत्रक त्याहूनही लवकरचे. कुलाब्याची ससून गोदी 1875 मध्ये कापसाच्या व्यापारासाठी बांधली गेली. आता ती ओळखली जाते मासळीच्या लिलावासाठी. माझगावजवळचा भाऊचा धक्का हे दुसरे मोठे ठिकाण. बोटी लागल्या की पाट्या उतरतात, कोळणी बोली लावतात आणि उजाडेपर्यंत माल लोकलने उपनगरांत पोचतो. किरकोळ बाजारात मासळी वाट्याने मिळते. पापलेट घेताना डोक्याजवळ दाबून पांढरे पाणी येते का ते पाहतात, आणि इतर मासळीचे कल्ले लाल आहेत की नाहीत ते उघडून बघतात. पहिल्या गिऱ्हाइकाने घासाघीस जरा बेताने करावी. कोळणीची भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, व्हायची असते आणि तिला ती मोडलेली आवडत नाही. 1 जून ते 31 जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. तेव्हा सुके बोंबील, जवळा, सुकट यांचे दिवस येतात. खाण्यात ज्याला केवळ रुची नको, ऋतूही कळायला हवा, त्याने या दोन महिन्यांत सुक्या मासळीचा बाजार फिरावा.

याच पावसात दादरच्या फुटपाथवर पालघर, शहापूर, कर्जतकडच्या आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात: शेवळे, टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, करटोली. शेवळ्याबरोबर काकडे ही आंबट रानफळेही घ्यावी लागतात, नाहीतर घसा खाजतो. विकणारी बाई हे न विचारताही सांगते. हे ज्ञान तिच्याकडेच असते, ते भाजीच्या जुडीसोबत मिळते, आणि त्याची किंमत कुणी धरत नाही. वसईकडच्या भाजीवाल्या, वाडीतली केळी आणि सुकेळी हाही मुंबईच्या बाजाराचा जुना आधार आहे.

लालबागच्या मिरची गल्लीत मार्च ते मे या महिन्यांत गेल्याशिवाय शहराची चव कुठून येते ते कळणार नाही. बेडगी रंगासाठी, संकेश्वरी तिखटपणासाठी, असा मेळ घालून बायका मिरच्या निवडतात, खडा मसाला भाजून घेतात आणि डंखावर, म्हणजे मसाला कुटण्याच्या यंत्रावर, कुटून वर्षाचा मसाला घरी नेतात. प्रत्येक घराचे प्रमाण वेगळे असते. मालवणी, आगरी, कोळी, घाटी अशा मसाल्यांच्या चिठ्ठ्या पर्समध्ये जपलेल्या असतात आणि सासूच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी सुनेच्या हातात दिसते.

स्थलांतरितांची चव

भेळ, शेवपुरी, पाणीपुरी गिरगाव आणि जुहूच्या चौपाटीवर रुजली ती गुजराती आणि उत्तर भारतीय विक्रेत्यांमुळे. पाणीपुरीच्या शेवटी हक्काने मागितली जाणारी सुकी पुरी ही या शहराची एक लहानशी, पण कुणी न मोडणारी रीत आहे. माटुंग्यात उडुपी आणि तमिळ उपाहारगृहे 1930 आणि 40 च्या दशकांपासून आहेत, ए. रामा नायक यांचे उडुपी भोजनगृह 1942 चे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी चेंबूर कॅम्प आणि उल्हासनगरात डाळ-पकवान आणले. शीव कोळीवाड्यात वसलेल्या पंजाबी निर्वासितांनी बेसनात तळलेली कोळंबी विकली, आणि ‘कोळीवाडा’ हे वस्तीचे नाव पदार्थाला मिळाले. कोळ्यांच्या घरी कोळंबी तशी होत नाही. धोबी तलावाच्या कयानीसारखे इराणी हॉटेल 1904 पासून बनमस्का आणि चहा देत आले आहे.

रमजानच्या रात्री मोहम्मद अली रोड आणि मिनारा मशिदीचा परिसर इफ्तारपासून सहरीपर्यंत जागा असतो. मातीच्या वाटीतली फिरनी, मोठ्या कढईतला मालपुवा, सीखकबाब, नल्ली निहारी यांसाठी सर्व धर्मांचे लोक येतात. जाताना रोजा सोडणाऱ्यांना आधी जागा द्यावी, आपण नंतर बसावे. ही गर्दी मुळात त्यांची आहे.

कायदा आणि धंदा

फेरीवाल्यांचा प्रश्न मुंबईत फार जुना आहे. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बॉम्बे हॉकर्स युनियनच्या खटल्यात फेरीवाला आणि बिगर-फेरीवाला क्षेत्रे ठरवण्याची दिशा दिली. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने विक्रेत्यांचे सर्वेक्षण, विक्री प्रमाणपत्र आणि नगर पथविक्रेता समिती बंधनकारक केली. या समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावे लागतात. सप्टेंबर 2017 मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 जण दगावले. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने स्थानकापासून 150 मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई कायम केली. चालणाऱ्याचा जीव महत्त्वाचा आहे, यात दुमत नाही. पण स्थानकाबाहेरचा वडापाव ज्याचे जेवण आहे आणि तो तळून ज्याचे घर चालते, त्या दोघांसाठी पर्यायी जागा आखण्याचे काम कायद्याने सांगूनही मागेच पडले आहे. त्यामुळे गाडी उचलली जाते, दंड भरला जातो आणि काही दिवसांनी ती त्याच कोपऱ्यावर परत लागते.

मार्च 2020 च्या टाळेबंदीत या गल्ल्या प्रथमच दीर्घकाळ ओस पडल्या. त्या जूनमध्ये केंद्र सरकारने पथविक्रेत्यांसाठी 10,000 रुपयांच्या खेळत्या भांडवलाची कर्जयोजना काढली. जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. हवेसाठी तो आवश्यक होता. मात्र लहान बेकरीला नव्या भट्टीचा खर्च पेलणे कठीण जाते, आणि पहाटे दारोदारी आणि गाड्यांवर पोचणारी लादीपावाची लादी अशाच बेकऱ्यांतून निघते.