मत्स्यालयातील जलगुणवत्ता व मत्स्यरोग

मत्स्यालयातील जलगुणवत्ता व मत्स्यरोग : बंदिस्त टाकीत पाळलेल्या शोभिवंत माशांना होणारे विकार आणि त्या टाकीतील पाण्याची रासायनिक व जैविक स्थिती यांचा विचार या विषयात एकत्र केला जातो. नदीत किंवा तळ्यात माशाने उत्सर्जित केलेली द्रव्ये वाहून जातात वा विरळ होतात. टाकीतला मासा मात्र त्याच द्रव्यांत श्वसन करीत राहतो. हस्तपुस्तिकांमधून रोगांची वर्गवारी बहुधा रोगकारक जीवांनुसार केलेली आढळते. ती सोयीची असली, तरी त्या जीवांपैकी पुष्कळसे निरोगी माशांच्या अंगावर किंवा पाण्यात आधीपासूनच असतात व पाणी बिघडल्यावर बळावतात. म्हणून येथे पाण्याचा विचार आधी केला आहे.

प्रथिनांच्या विघटनातून माशाच्या शरीरात तयार होणारा अमोनिया मुख्यत्वे कल्ल्यांवाटे बाहेर पडतो. उरलेले खाद्य, विष्ठा व कुजणारी पाने यांमुळे त्यात भर पडते. पाण्यात तो मुक्त अमोनिया व अमोनियम आयन अशा दोन रूपांत असतो. मुक्त अमोनिया कल्ल्यांच्या पातळ पटलातून सहज आत शिरतो, त्यामुळे तोच अधिक विषारी ठरतो. २५° से. तापमानाच्या गोड्या पाण्यात सामू (पीएच) ७ असता एकूण अमोनियापैकी सुमारे ०.६ टक्के, सामू ८ असता सुमारे ५ टक्के, तर सामू ९ असता एक तृतीयांशाहून अधिक भाग मुक्त असतो. नेहमीच्या चाचण्या बहुधा एकूण अमोनियाच दाखवितात, त्यामुळे सामू आणि तापमान ठाऊक असल्याखेरीज त्या आकड्यावरून धोक्याचा अंदाज बांधता येत नाही.

अमोनियाचे नायट्राइटमध्ये व नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर सूक्ष्मजीव करतात. नायट्राइट रक्तातील हीमोग्लोबिनचे ऑक्सिजन वाहून न नेऊ शकणारे मेटहीमोग्लोबिन बनवितो. रक्त तपकिरी दिसू लागते आणि पाण्यात पुरेसा ऑक्सिजन असूनही मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो. कल्ल्यांतून आत शिरताना नायट्राइटची क्लोराइड आयनाशी स्पर्धा होते. अशा वेळी पाण्यात थोडे मीठ घालण्याचा जुना प्रघात यामुळे शास्त्रदृष्ट्या सयुक्तिक ठरतो, आणि सागरी टाकीत नायट्राइटची बाधा तुलनेने सौम्य का असते हेही त्यावरून कळते. नायट्रेट बराच कमी विषारी असून तो साचत जातो. तो कमी करण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे ठराविक अंतराने थोडे थोडे पाणी बदलणे.

हे रूपांतर नेमके कोणते जीव करतात, हा प्रश्न मत्स्यालयाच्या इतिहासाशी जोडलेला आहे. १८५० मध्ये लंडन येथील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी वनस्पती, मासे व गोगलगाई यांचा समतोल साधल्यास टाकीतील पाणी दीर्घकाळ टिकते असे केमिकल सोसायटीपुढे मांडले. सागरी प्राणी काचेच्या टाक्यांत ठेवून त्यांचे निरीक्षण करण्याचा झान व्हीलप्रे-पॉवर यांचा सिसिलीतील उपक्रम त्याआधीचा, १८३२ च्या सुमाराचा आहे. अग्रमान कोणाला द्यावा हे ‘मत्स्यालय’ या संज्ञेत काय अभिप्रेत धरले जाते यावर अवलंबून राहते. वॉरिंग्टन यांच्या विवेचनात भर होता तो वनस्पतींपासून मिळणाऱ्या ऑक्सिजनवर. नायट्रीकरण (अमोनियाचे नायट्रेटमध्ये होणारे हे रूपांतर) ही जैविक क्रिया असल्याचे श्लोसिंग व म्यूंट्स यांनी १८७७ मध्ये दाखविले, तोपर्यंत टाकीतील निम्मे कार्य अज्ञातच होते. ती क्रिया दोन टप्प्यांत होते हे इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड या कृषिसंशोधन केंद्रातील प्रयोगांतून सिद्ध करणारे कृषिरसायनज्ञ म्हणजे याच वॉरिंग्टन यांचे त्याच नावाचे चिरंजीव होत. पित्याच्या टाकीतला अपुरा दुवा मुलाला शेतजमिनीच्या अभ्यासात सापडला, असे म्हणावयास हरकत नाही.

सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे केले. तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत नायट्रोसोमोनास व नायट्रोबॅक्टर ही जोडी रूढ झाली. तथापि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्राइटचे ऑक्सिडीकरण नायट्रोबॅक्टर नव्हे, तर नायट्रोस्पायरा गटातील जिवाणू करीत असल्याचे आढळले. २०११ मध्ये अनेक टाक्यांच्या गाळण्यांत अमोनियाचे ऑक्सिडीकरण करणारे आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या गटातील एकपेशीय सूक्ष्मजीव) जिवाणूंपेक्षा संख्येने वरचढ असल्याचे दिसून आले. २०१५ मध्ये दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायरा ओळखले गेले, आणि त्यासंबंधीच्या दोन संशोधनांपैकी एकातील जीव मत्स्यसंवर्धन यंत्रणेच्या जैविक गाळणीतूनच मिळाले होते. जुनी जोडी अध्यापनाच्या सोयीपुरती ठेवावी आणि अमोनियाचे प्रमाण अत्यल्प राहणाऱ्या स्थिरावलेल्या टाकीत आर्किया व नायट्रोस्पायरा यांचे कार्य प्रमुख मानावे, हे मत आज अधिक ग्राह्य वाटते. नव्या टाकीत घालण्यासाठी विकल्या जाणाऱ्या बाटलीबंद जिवाणूंचे परिणाम एकसारखे का मिळत नाहीत, याचे अंशतः स्पष्टीकरण यात असू शकेल. नव्या टाकीची गाळणी आपोआप स्थिरावण्यास सर्वसाधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात.

नायट्रीकरणात पाण्याची क्षारता, म्हणजे आम्ल निष्प्रभ करण्याची क्षमता, खर्च होते. अमोनियारूपी नायट्रोजनाच्या दर ग्रॅममागे कॅल्शियम कार्बोनेटाच्या हिशेबात ती सुमारे ७ ग्रॅम असते. त्यामुळे पाणी क्वचितच बदलल्या जाणाऱ्या जुन्या टाकीत सामू हळूहळू उतरतो. तो ६ च्या आसपास आला की नायट्रीकरण मंदावते व अमोनिया साठू लागतो, परंतु आम्लधर्मी पाण्यात तो जवळजवळ सर्व अमोनियमरूपात असल्याने मासे तग धरून राहतात. अशा टाकीत एकदम बरेचसे ताजे, अल्कधर्मी पाणी ओतल्यास अमोनियम क्षणात मुक्त अमोनियात बदलते आणि मासे दगावतात. दोष ताज्या पाण्याला दिला जातो.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन पाणी उघडे ठेवल्यास उडून जातो, क्लोरामीन (क्लोरीन व अमोनिया यांचे संयुग) मात्र सहजी जात नाही. सोडियम थायोसल्फेटाने क्लोरामिनातील क्लोरिनाचा निरास होतो, पण त्यातील अमोनिया मागे उरतो. पाण्यात विरघळू शकणाऱ्या ऑक्सिजनची कमाल (संपृक्त) पातळी २०° से. ला लिटरमागे सुमारे ९ मिग्रॅ., तर ३०° से. ला सुमारे ७.५ मिग्रॅ. असते.

रोगांपैकी सर्वाधिक अभ्यास झाला आहे तो पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा. त्याचा कारक इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस हा केसलधारी (अंगावर सूक्ष्म केस असलेला एकपेशीय) आदिजीव असून फुके यांनी १८७६ मध्ये त्याचे वर्णन केले. तो माशाच्या बाह्यत्वचेखाली वाढतो, पक्व झाल्यावर गळून तळाशी चिकटतो, स्वतःभोवती कोष तयार करतो व विभाजनाने शेकडो पोहणारी पिल्ले सोडतो. त्यांना साधारणतः दोन दिवसांत आश्रयदाता न मिळाल्यास ती मरतात. हे चक्र २५° से. ला आठवड्याच्या आत पूर्ण होते, थंड पाण्यात त्याला कित्येक आठवडे लागतात. फॉर्मॅलीन, मॅलॅकाइट ग्रीन इ. औषधे केवळ मुक्त अवस्थेवर परिणाम करतात. ठिपके नाहीसे होताच उपचार थांबविणे ही सर्वांत सामान्य चूक होय, कारण त्या वेळी परजीवी तळाशी कोषात असतो. तापमान ३०° से. पर्यंत वाढविण्याने चक्राला वेग येतो, परंतु उष्ण पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो व कल्ले आधीच जखमी असतात, त्यामुळे हवा सोडण्याची सोय वाढविल्याविना हा उपाय करू नये. वाचलेल्या माशांत काही काळ प्रतिकारक्षमता दिसून येते. सागरी माशांतील तसाच दिसणारा रोग क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्समुळे होतो. दोहोंतील साम्य नात्याचे नसून समांतर क्रमविकासाचे मानले जाते.

तोंडाभोवती येणारा कापसासारखा थर पुष्कळदा बुरशी समजला जातो, पण तो फ्लॅव्होबॅक्टीरियम कॉलम्नेअर या जिवाणूचा असू शकतो आणि त्याचा प्रसार उष्ण पाण्यात जलद होतो. खऱ्या कापशी रोगाचा कारक सॅप्रोलेग्निया हाही आधुनिक वर्गीकरणात कवकांत मोडत नाही. पर कुजणे हे बहुधा निकृष्ट पाण्याचे लक्षण असते. जलोदरात खवले उभे राहतात. तो स्वतंत्र रोग नसून मूत्रपिंडे निकामी झाल्याची खूण असते. मायकोबॅक्टीरियम मरीनम १९२६ मध्ये फिलाडेल्फियातील मत्स्यालयाच्या मृत माशांतून प्रथम वेगळा करण्यात आला. हातावर जखम असल्यास तो माणसाच्या त्वचेतही शिरतो, म्हणून टाकी साफ करताना हातमोजे वापरणे इष्ट.

औषधयोजनेपूर्वी पाण्याची तपासणी करावी. मेथिलीन ब्ल्यू व काही प्रतिजैविके नायट्रीकारक जीवांनाही मारतात, त्यामुळे रोगी माशावर उपचार वेगळ्या, मोकळ्या टाकीत करणे श्रेयस्कर असते. ताम्रसंयुगे गोगलगाई व कोळंबी यांना घातक असून मृदू पाण्यात माशांनाही अधिक बाधतात. सक्रियित कोळसा औषध शोषून घेतो, तो आधी काढून ठेवावा लागतो.

विषाणुजन्य रोगांपैकी लिंफोसिस्टिसच्या फुलकोबीसारख्या गाठी बहुधा आपोआप ओसरतात. त्यावर विशिष्ट औषध नाही.