बंदूक शिकलो म्हणजे शिकार चालते का?

ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना हा फॉरवर्ड ठरलेला: 'लायसन्सची बंदूक आणि ट्रेनिंगचं सर्टिफिकेट असेल तर रानडुक्कर मारायला परवानगी लागत नाही.'

असं वाटणं साहजिक आहे, कारण अमेरिकेत असलेला कोणाचातरी भाचा सांगतो की तिकडे कोर्स केला की शिकार करता येते. तिकडे नवीन शिकाऱ्यांसाठी खरंच कोर्स असतात, नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरबाहेर, भडक केशरी जॅकेट, सापळे कसे लावायचे असं बरंच शिकवतात (चांगलंच आहे ते), पण तिथेसुद्धा नुसत्या सर्टिफिकेटवर भागत नाही, शिकारीचं लायसन्स वेगळं काढावं लागतं आणि सीझनही ठरलेले असतात.

आपल्याकडे दोन कायदे आहेत आणि गोंधळ तिथेच होतो. बंदुकीचं लायसन्स १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली मिळतं, त्याच्या २०१६ च्या नियमांत सेफ्टी ट्रेनिंगही आहे, पण ते हत्यार नीट हाताळण्यापुरतं. प्राण्यांचा कायदा १९७२ चा, वन्यजीव संरक्षणाचा. त्याचं कलम ९ शिकारीला बंदी घालतं, कलम ११ मध्ये ठराविक कारणांसाठी अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. आणि कलम २ मधली शिकारीची व्याख्या वाचा, त्यात फास लावणं, सापळा, विष, आमिष, नुसता प्रयत्न, सगळं येतं, म्हणजे 'गोळी कुठे झाडली, फासच लावला' हेही चालत नाही.

दोन्ही कायदे सरकारी वेबसाईटवर फुकट आहेत, आणि शेतात डुकरं येत असतील तर वनखात्याच्या ऑफिसात अर्ज कसा करायचा ते विचारा.